खाणीचे माप, घराची हवा

घरातील हवेत रेडॉन किती आहे हे तपासण्याची प्रथा जेमतेम अर्धशतकाची आहे. परंतु या तपासणीचे एकक, तिच्यामागील वैद्यकीय पुरावा आणि अमुक पातळीपर्यंत चालेल, त्यापुढे नको असे सांगणारी मर्यादा, यांपैकी काहीही मुळात घरासाठी तयार झालेले नाही. हे सारे खाणीतून आले, आणि त्याहीआधी, काहीशा चमत्कारिक रीतीने, औषधी झऱ्यांच्या व्यापारातून आले. रेडॉन-तपासणीचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी एका मापाचा प्रवास आहे, आणि ते माप घराच्या उंबऱ्याशी येऊन दीर्घकाळ का थबकले, हा त्या इतिहासातील सर्वांत बोलका भाग आहे.

जमिनीतील खडकांत आणि मातीत युरेनियम थोड्याफार प्रमाणात सर्वत्र असते. त्याचे अणू टप्प्याटप्प्याने फुटत जातात, त्यांतून पुढे रेडियम तयार होते आणि रेडियमपासून रेडॉन. या साखळीत रेडॉनच्या मागचे आणि पुढचे दुवे घन धातुरूप असल्याने जागच्या जागी पडून राहतात. रेडॉन मात्र वायू आहे, त्याला रंग, वास वा चव नाही, आणि तो कोणत्याही पदार्थाशी सहसा संयोग पावत नाही, त्यामुळे खडकाच्या भेगांतून आणि मातीच्या पोकळ्यांतून त्याला वर सरकता येते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे दिलेल्या साठ्यातील निम्मे अणू फुटून जाण्यास लागणारा अवधी, सुमारे ३.८ दिवसांचे आहे, आणि जमिनीखालून एखाद्या तळघरात पोहोचण्यास तेवढा वेळ पुरेसा होतो. श्वासावाटे आत गेलेला रेडॉन बहुतांशी तसाच बाहेर पडतो. खरा अपाय त्याच्यापासून निर्माण होणाऱ्या अपत्य-मूलद्रव्यांचा, विशेषतः पोलोनियमच्या दोन अल्पायुषी रूपांचा असतो. ही मूलद्रव्ये हवेतील धूलिकणांना चिकटून फुफ्फुसात शिरतात, श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात आणि तेथे फुटताना अल्फा कण सोडतात. अल्फा कण कागदाच्या कपट्यानेही अडतो, पण उगमाला लागूनच जिवंत पेशी असतील तर त्याची सगळी ऊर्जा त्या पेशींतच ओतली जाते.

हा अपाय पहिल्याने नोंदला गेला तो सॅक्सनी आणि बोहेमिया यांच्या सीमेवरील एर्झगेबिर्ग, म्हणजे शब्दशः 'धातुकाचे डोंगर', या पर्वतरांगेत. तिच्या उत्तर उतारावर श्नेबर्ग आणि दक्षिणेस योआखिमस्थाल, आजचे चेक प्रजासत्ताकातील याखिमोव्ह, ही गावे चांदीच्या खाणींमुळे वसली. योआखिमस्थालच्या चांदीची नाणी 'योआखिमस्थालर' आणि मग नुसती 'थालर' म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि त्याच शब्दाचा एक वंशज म्हणजे आजचा डॉलर. या गावात १५२७ पासून काही वर्षे वैद्यकी केलेल्या गेओर्ग अग्रिकोला याने खाणकामावर लिहिलेला 'दे रे मेतालिका' हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५५६ मध्ये प्रसिद्ध झाला. खाणकामगारांची फुफ्फुसे झिजवणारी धूळ आणि दूषित हवा यांविषयी त्याने त्यात लिहिले आहे, आणि कार्पेथियन डोंगरांतील खाणींच्या परिसरात एकामागून एक सात नवरे या क्षयाला बळी पडलेल्या स्त्रिया आढळतात, अशी नोंदही केली आहे. त्याच ग्रंथात खाणीत ताजी हवा खेळवण्यासाठी भाते, पंखे आणि वारा पकडणाऱ्या नळ्या यांची सचित्र वर्णने आहेत. हवा हलती ठेवणे हा उपाय कारण कळण्याच्या साडेतीनशे वर्षे आधीच सांगितला गेला होता, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

'डोंगराचे दुखणे' या ढोबळ नावाखाली मोडणाऱ्या या व्याधीचे स्वरूप १८७९ मध्ये स्पष्ट झाले. हेर्टिंग आणि वाल्टर हेस या दोन वैद्यांनी श्नेबर्गच्या खाणकामगारांच्या शवविच्छेदनांवरून हा क्षय नसून फुफ्फुसातील घातक गाठ आहे असे दाखवून दिले, आणि तेथील सुमारे तीन चतुर्थांश खाणकामगार तिनेच मरतात असा त्यांचा निष्कर्ष होता. (हा हेस म्हणजे प्रयोगशाळेत जीवाणू वाढवण्यासाठी अगर वापरण्याची पद्धत ज्याच्या नावाशी जोडली जाते तोच, ती कल्पना मात्र त्याच्या पत्नीच्या स्वयंपाकघरातून आलेली होती.) रोग ओळखला गेला तरी कारण सापडले नाही, आणि ते सापडणे शक्यही नव्हते, कारण किरणोत्सर्ग ही संकल्पनाच अद्याप जन्मलेली नव्हती. धातुकातील आर्सेनिक, दगडाची धूळ, दमट हवा, अशा अनेकांवर संशय घेतला गेला.

खाणीतून चांदीबरोबर निघणारा, काळसर आणि डांबरासारखी झाक असणारा जो दगड कामगार निरुपयोगी म्हणून फेकून देत, त्या पिचब्लेंडमध्ये मार्टिन क्लापरोट याला १७८९ मध्ये युरेनियम सापडले होते. योआखिमस्थालच्या पिचब्लेंडच्या टाकाऊ अवशेषांतून मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम शोधले. पुढील दोन वर्षांत अर्नेस्ट रदरफर्ड याला थोरियमपासून आणि हाले येथील फ्रीडरिश डोर्न याला रेडियमपासून एक किरणोत्सर्गी वायू पाझरताना आढळला. त्याला आरंभी 'उत्सर्जन' अशा अर्थाचे नाव होते, काही काळ तो 'निटॉन' म्हणवला गेला, आणि 'रेडॉन' हे नाव रूढ होण्यास १९२०चे दशक उजाडावे लागले.

रेडॉनची पहिली पद्धतशीर मोजणी रोगाच्या शोधार्थ झालेली नाही. जे. जे. थॉमसन याला १९०३ मध्ये विहिरीच्या पाण्यात किरणोत्सर्ग आढळला आणि त्याबरोबर युरोपातील जुन्या औषधी झऱ्यांच्या कीर्तीला एक आधुनिक कारण मिळाले: पाण्यातील गुण म्हणजे हे 'उत्सर्जन'च, असे मानले जाऊ लागले. मग कोणत्या झऱ्यात ते अधिक, याची चढाओढ आली आणि चढाओढीसाठी एकक लागले. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश माखे याच्या नावाने ओळखले जाणारे 'माखे एकक' अशा झऱ्यांच्या मोजणीतून पुढे आले. किरणोत्सर्ग मोजण्याच्या पिकोक्युरी या एककात सांगायचे तर एका लिटरमधील सुमारे ३६४ पिकोक्युरी म्हणजे एक माखे. या मापात जितका आकडा मोठा तितकी झऱ्याची प्रतिष्ठा मोठी. योआखिमस्थालमध्ये खाणीच्या किरणोत्सर्गी पाण्याचे स्नानगृह १९०६ मध्ये सुरू झाले आणि १९१२ मध्ये 'रेडियम पॅलेस' नावाचे आलिशान हॉटेल उभे राहिले. एकाच डोंगराच्या पोटातील एकच वायू हॉटेलातील पाहुणे पैसे मोजून अंगाला लावत होते आणि त्याच डोंगरात कामगार तो फुकट फुफ्फुसात भरून घेत होते. अमेरिकेतील रेडॉन-तपासणीची आजची मर्यादा माखेत सांगायची झाली तर ती एका माखेच्या सुमारे नव्वदाव्या भागाइतकी भरते, यावरून मधल्या काळात दृष्टी किती पालटली ते कळते.

ती पालटण्यास वेळ लागला. लुडेविग आणि लोरेन्झर यांनी १९२४ मध्ये श्नेबर्गच्या खाणींतील हवेत रेडॉन मोजला आणि कर्करोगाशी त्याचा संबंध असावा असे मांडले. १९२५ मध्ये जर्मनीने श्नेबर्गच्या फुफ्फुसरोगाला व्यवसायजन्य रोगाचा दर्जा दिला. तरीही एक अडचण उरली होती. खाणीतील रेडॉनचे प्रमाण घेऊन फुफ्फुसाला मिळणारी किरणमात्रा काढली, तर ती इतका कर्करोग घडवण्यास अपुरी वाटे. या कोड्याचा उलगडा रॉचेस्टर विद्यापीठातील विल्यम बेल याने १९५१ मध्ये केला: हिशोबात वायूच घेतला जात होता, वास्तविक मात्रेचा जवळजवळ सगळा वाटा त्याच्या अपत्य-मूलद्रव्यांचा होता.

एव्हाना युरेनियम ही अण्वस्त्रांसाठी लागणारी धातू झाली होती आणि जुन्या चुकांची नव्या प्रमाणावर पुनरावृत्ती सुरू झाली होती. पूर्व जर्मनीत सोव्हिएत नियंत्रणाखालील 'विस्मुट' या कंपनीने (या शब्दाचा अर्थ बिस्मथ, खरी धातू लपवण्यासाठी घेतलेले नाव) १९४६ नंतर त्याच एर्झगेबिर्गमध्ये लाखो माणसे राबवली. अमेरिकेत कोलोरॅडो पठारावरील खाणींत नावाहो जमातीचे अनेक पुरुष कामाला लागले. तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेतील डंकन हॉलडे यांना युरोपातील अनुभव ठाऊक होता, आणि १९५० पासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खाणींची हवा मोजली. परंतु खाणीत शिरण्याची परवानगी हवी असल्याने कामगारांना धोक्याची स्पष्ट कल्पना देण्यात आली नाही, हा त्या अभ्यासावरील न पुसला जाणारा डाग आहे.

या अभ्यासातून १९५७ मध्ये 'वर्किंग लेव्हल' हे एकक रूढ झाले. एक लिटर हवेतील अल्पायुषी अपत्य-मूलद्रव्ये पूर्ण फुटून जाईपर्यंत जर १ लाख ३० हजार दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी अल्फा ऊर्जा सोडणार असतील, तर ती हवा एक वर्किंग लेव्हलची. लिटरमागे १०० पिकोक्युरी रेडॉन आपल्या सर्व अल्पायुषी अपत्यांसह समतोलात असेल, म्हणजे अपत्ये जितक्या वेगाने तयार होतात तितक्याच वेगाने फुटत असतील, तेव्हा ही स्थिती येते. अशा हवेत १७० तास, म्हणजे साधारण महिन्याभराच्या पाळ्या काम केले की 'वर्किंग लेव्हल मंथ' भरतो. ही नावे बारकाईने पाहिल्यास त्यांतच सारे दिसते: हे माप श्रमाचे आहे, पाळीचे आहे, कामावर जाऊन परत घरी येणाऱ्या माणसाचे आहे. शिवाय 'वर्किंग' या शब्दाला तूर्त चालवून घेण्याजोगे, खाणीला परवडण्याजोगे असाही अर्थ होता. मजूरमंत्री विलर्ड विर्ट्झ यांनी १९६७ मध्ये ०.३ वर्किंग लेव्हलची मर्यादा घातली, आणि त्यानंतर वर्षाला ४ वर्किंग लेव्हल मंथ ही मर्यादा स्थिरावली. तोवर नावाहो वस्त्यांत विधवांची संख्या वाढली होती. त्यांना भरपाई देणारा कायदा १९९० मध्ये आला.

हे माप घरात शिरले ते मागच्या दाराने. कोलोरॅडोतील ग्रँड जंक्शन या गावी युरेनियम वेगळे काढणारी गिरणी होती आणि तिच्या आवारात उरलेल्या बारीक, स्वच्छ वाळूचे ढीग साचले होते. युरेनियम निघून गेले तरी रेडियम वाळूतच राहते, हे गावकऱ्यांच्या ध्यानीमनी नव्हते. बांधकामाला वाळू हवी होती आणि ही फुकट मिळत होती. १९५०च्या दशकापासून १९६६ पर्यंत ती घरांच्या पायांत, फरशीखाली आणि रस्त्यांत भरली गेली, आणि मग हजारो वास्तू खणून ती बाहेर काढावी लागली. यासाठी १९७० मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे देशाच्या प्रमुख आरोग्य-अधिकाऱ्याने, मार्गदर्शक आकडे दिले, तेही खाणीच्याच मापात: ०.०१ वर्किंग लेव्हलच्या खाली काही करण्याची गरज नाही, ०.०५ च्या वर दुरुस्ती हवी. पुढे अशा टाकाऊ वाळूच्या सफाईचे मानक ०.०२ च्या आसपास ठरले. घरात अपत्य-मूलद्रव्ये पूर्ण समतोलात नसतात, भिंतींवर आणि सामानावर बसून जातात, म्हणून समतोल निम्मा धरला, तर ०.०२ वर्किंग लेव्हल म्हणजे लिटरमागे ४ पिकोक्युरी. अमेरिकेतील आजचा सर्वपरिचित आकडा हाच. तो निरोगी घराच्या अभ्यासातून आलेला नसून खाणीच्या मापातून, गिरणीच्या वाळूमार्गे, दुरुस्तीने कितपत खाली येता येईल या अंदाजावर बेतलेला आहे. या पातळीच्या घरात दिवसाचा तीन चतुर्थांश वेळ घालवणाऱ्या माणसाच्या वाट्याला वर्षाला पाऊण वर्किंग लेव्हल मंथ येतो, म्हणजे खाणकामगाराला मुभा असलेल्या मात्रेचा जवळपास पाचवा हिस्सा. आणि घरातल्या माणसांत पाळण्यातले मूलही येते.

खाण वा गिरणी यांचा काडीचा संबंध नसलेल्या घरांतही रेडॉन असू शकतो, हे याआधीच दिसून आले होते. स्वीडनमध्ये बेंग्ट हुल्टक्विस्ट यांनी सुमारे सव्वादोनशे घरे मोजून १९५६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि त्यांत फटकडीयुक्त शेल खडकापासून बनवलेल्या हलक्या 'निळ्या काँक्रीट'च्या घरांत रेडॉन अधिक आढळला. हे काँक्रीट १९२९ पासून तयार होत होते आणि त्याचे उत्पादन १९७५ मध्ये बंद झाले. परंतु हुल्टक्विस्टच्या मोजणीकडे बाहेरच्या जगाने एका देशातील एका बांधकाम-साहित्याची कथा म्हणून पाहिले. येथे या इतिहासाचा एक स्थायी भाव दिसतो. जोवर बोट दाखवायला कुणी आहे, मग ती खाण असो, गिरणी असो वा विशिष्ट विटा-काँक्रीट असो, तोवर मोजणीला पैसा आणि कायदा दोन्ही मिळतात. दोष घराखालच्या जमिनीचाच असेल, तर मोजणी मागायला कुणी पुढे येत नाही.

१९८४ च्या डिसेंबरात ही स्थिती एका योगायोगाने बदलली. पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज प्रकल्पावर काम करणारे अभियंता स्टॅन्ली वॉट्रस यांच्यामुळे दारावरील किरणोत्सर्ग-शोधक यंत्राची घंटा वारंवार वाजू लागली. कामावरून निघणाऱ्या माणसाच्या अंगावर प्रकल्पातील दूषण जाऊ नये म्हणून बसवलेले हे यंत्र. पण वॉट्रस आत येतानाही ते वाजले, आणि प्रकल्पातून तर अद्याप वीजही निघू लागली नव्हती. दूषण घरून कपड्यांवर येत होते. बॉयरटाऊनजवळच्या त्यांच्या घराची हवा मोजली तेव्हा लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन आढळला. आंतरराष्ट्रीय एककात हे प्रमाण घनमीटरमागे सुमारे १ लाख बेक्वेरेल, म्हणजे त्या एक घनमीटर हवेत दर सेकंदाला रेडॉनचे लाखभर अणू फुटत होते. खाणीत ज्या हवेत कामगारांना उभे राहू दिले नसते तिच्यात ते कुटुंब झोपत होते. १९८५ च्या जानेवारीत त्यांनी घर सोडले, प्रकल्प उभारणाऱ्या वीज कंपनीच्या खर्चाने दुरुस्ती झाली आणि जुलैत ते परतले. ते घर पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क या राज्यांतून जाणाऱ्या 'रीडिंग प्रॉन्ग' या प्राचीन, युरेनियमयुक्त नीस आणि ग्रॅनाइट खडकांच्या पट्ट्यावर होते. पट्ट्यातली घरे एकामागून एक तपासली गेली, तेव्हा शेजारशेजारच्या घरांतही प्रमाण अतिशय वेगळे असू शकते हे दिसून आले. भूगर्भीय नकाशावरून एखाद्या घराची खात्री देता येत नाही, प्रत्येक घर वेगळेच मोजावे लागते, हा या काळाने दिलेला व्यावहारिक धडा होता.

घर रेडॉन ओढून घेते त्याची रीत साधी आहे. थंड प्रदेशात घर आतून तापवलेले असते, उबदार हवा वर चढून छताकडून बाहेर पडते, त्यामुळे तळघरात दाब किंचित कमी होतो आणि पायाच्या भेगा, नळांच्या फटी, पाणी उपसण्याच्या खड्ड्याचे तोंड यांवाटे जमिनीतील हवा आत खेचली जाते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवण्यासाठी घरे अधिक घट्ट बंद केली जाऊ लागली आणि आत आलेला वायू आतच राहू लागला. उपाय त्याच तत्त्वावर उलट चालतो: फरशीखाली पाइप घालून त्याला पंखा जोडायचा आणि जमिनीतील हवा घरात शिरण्याआधीच उपसून छतावर सोडायची. अग्रिकोलाच्या पंख्यांचे हे दूरचे वंशज म्हणता येतील.

लाखो घरे मोजायची तर उपकरण स्वस्त आणि टपालाने धाडता येण्याजोगे हवे होते. सर्वाधिक खपले ते सक्रिय कोळशाचे चपटे डबे. डबा उघडून दोन ते चार दिवस ठेवायचा, कोळसा हवेतील रेडॉन शोषून घेतो, मग डबा बंद करून तत्काळ प्रयोगशाळेकडे पाठवायचा. उशीर केला तर दर चार दिवसांगणिक निम्मा पुरावा नाहीसा होतो. दीर्घ मोजणीसाठी अल्फा कणांचा माग राखणारे प्लास्टिक आले: अल्फा कण प्लास्टिकवर आदळला की अतिसूक्ष्म जखम होते, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ती रुंदावते आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. यासाठी वापरले जाणारे सीआर-३९ हे प्लास्टिक चष्म्याच्या भिंगांचेच. तिसऱ्या प्रकाराचा संबंध मुंबईशी आहे. टेफ्लॉनच्या चकतीवर टिकाऊ विद्युतभार बसवला, तर बंदिस्त कप्प्यात रेडॉनमुळे तयार होणारे आयन तो भार हळूहळू कमी करतात, आणि ती घट मोजून रेडॉनचे प्रमाण काढता येते. अशा भारित चकतीला इलेक्ट्रेट म्हणतात. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. कोट्रप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तत्त्वावर काम करून १९८१ मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि पुढे कोट्रप्पा यांनी अमेरिकेत त्यातूनच घरगुती तपासणीचे प्रचलित उपकरण विकसित केले.

१९८६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नागरिकांसाठी मार्गदर्शिका काढली, आणि १९८८ च्या सप्टेंबरात तिसऱ्या मजल्याखालील सर्व घरे तपासावीत असे आवाहन केले गेले. त्याच वर्षीच्या कायद्याने घरातील हवा बाहेरच्या हवेइतकी रेडॉनमुक्त व्हावी असे राष्ट्रीय उद्दिष्ट ठेवले. सक्ती मात्र केली नाही. सरकारी आवाहनाने जे साधले नाही ते घरांच्या खरेदी-विक्रीने साधले. घेणारा तपासणी मागू लागला, मर्यादा ओलांडली की देणाऱ्याकडून पंखा बसवून घेऊ लागला किंवा किंमत उतरवू लागला. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांच्या शब्दसंग्रहात 'रेडॉन टेस्ट' हे शब्द याच वाटेने आले. भारतात घर घेताना ते कधी कानांवर पडलेले नसतात. तपासणी व्यवहाराचा भाग झाली तशी फसवणूकही आली. मोजणीआधी १२ तास आणि मोजणी चालू असताना दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात असा नियम आहे, आणि नेमकी तेव्हाच तळघराची खिडकी उघडून ठेवणारे विक्रेते असल्याने उपकरण हलवले वा खिडकी उघडली हे ओळखणारी साधने निघाली.

भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसला आहे त्यात ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम बरेच कमी असते. विदर्भाच्या पूर्व टोकाला आणि दक्षिण कोकणात खडक बदलतो. तळघर विरळा, खिडक्या उघड्या, आणि वरच्या मजल्यांवर जमिनीपेक्षा भिंतींतून येणारा वाटाच महत्त्वाचा, अशी इथली घरे. केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळूत थोरियम विपुल असल्याने थोरॉन, म्हणजे रेडॉनचेच मिनिटभरही अर्धायुष्य नसलेले समस्थानिक, हिशोबात घ्यावे लागते. त्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने जे जोड-कप्प्यांचे मापक देशभरातील सर्वेक्षणांत वापरले गेले, त्यात एका कप्प्याच्या तोंडावर पातळ पटल असते. ते ओलांडण्यास वेळ लागत असल्याने थोरॉन वाटेतच संपतो आणि रेडॉन तेवढा आत पोहोचतो.

या सर्व काळात एक शंका कायम होती. धोक्याचे आकडे खाणकामगारांच्या मृत्यूंवरून काढलेले होते. ते पुरुष होते, धुळीत काम करत होते, त्यांपैकी बरेच धूम्रपान करत होते. स्वयंपाकघरातील हवेला तेच गणित लागू पडते काय? उत्तरासाठी घरांतच अभ्यास करावे लागले, आणि त्यांतील काही महत्त्वाचे अभ्यास स्त्रियांवर बेतलेले होते, कारण त्यांचा घरातला वेळ अधिक होता. आयोवातील २००० सालच्या अभ्यासासाठी किमान २० वर्षे एकाच घरात राहिलेल्या स्त्रिया निवडल्या गेल्या. २००५ मध्ये युरोपातील १३ अभ्यास एकत्र करून पाहिले असता घनमीटरमागे दर १०० बेक्वेरेलला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो असे आढळले. वाढ टक्क्यांत असल्यामुळे ज्याचा मूळ धोका मोठा, त्या धूम्रपान करणाऱ्याच्या वाट्याला तिचा भार कितीतरी पटींनी अधिक येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० बेक्वेरेल हा संदर्भ-स्तर सुचवला आणि ते शक्य नसेल तर ३०० ओलांडू नये असे म्हटले.

अशा अभ्यासांची मोठी अडचण म्हणजे आजची हवा आज मोजता येते, पण कर्करोग २०-३० वर्षांपूर्वीच्या हवेने झालेला असतो, आणि मधल्या काळात माणसे घरे बदलतात, खिडक्या बदलतात. त्यावरचा तोडगा संशोधकांना काचेत सापडला. रेडॉनची अल्पायुषी अपत्ये काचेवर बसून फुटतात तेव्हा धक्क्याने त्यांतील काही अणू काचेच्या पृष्ठभागात रुततात. ते पुढे सुमारे २२ वर्षे अर्धायुष्य असलेल्या शिशाचे रूप घेतात आणि त्या शिशापासून पोलोनियम हळूहळू तयार होत राहते. पुसून ते निघत नाही. मिसुरीतील स्त्रियांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हवेच्या मोजणीतून ठळक संबंध दिसला नाही, काचेवरच्या मोजणीतून मात्र तो दिसला. त्यामुळे अशा तपासणीला येणारा संशोधक तळघराच्या आधी कुटुंबाकडे चौकशी करतो ती भिंतीवरच्या जुन्या तसबिरीची किंवा आरशाची: काच मूळचीच आहे ना, किती वर्षांची आहे, आणि घर बदलताना ती प्रत्येक वेळी बरोबर नेली होती ना.